अमुक, अमकीच्या पोटी जन्मलेला : प्राचीन इजिप्तच्या हस्तलिखितांतील रोगनिवारक आणि रक्षक जादू



लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीच्या दगडाची एक मोठी कपची आहे. तिच्यावर राजाचा पराक्रम कोरलेला नाही की देवाची स्तुती नाही. तिच्यावर हजेरी लिहिली आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचे चाळिसावे वर्ष, म्हणजे साधारण इ.स.पू. १२४०. राजांची थडगी खोदणाऱ्या चाळीस कामगारांची नावे आणि कोण कोणत्या दिवशी कामावर आला नाही याची नोंद. गैरहजेरीचे कारण तारखेच्या वर लाल शाईने टिपले आहे. कुणी आजारी होता, कुणी घरी बिअर करण्यात गुंतला होता, कुणाला आईच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळायच्या होत्या. एका नावापुढे कारण दिले आहे : विंचू चावला.

आपल्याला या पाठात विचारायचा प्रश्न साधा आहे. विंचू चावलेल्या त्या माणसासाठी त्या दिवशी कोणी काय केले असेल? हजेरी त्याचे उत्तर देत नाही. पण त्याच काळातील पपायरसवरची हस्तलिखिते ते बऱ्याच तपशिलाने देतात. ती वाचताना इजिप्तच्या वैद्यकाबद्दल आणि जादूबद्दल आपण सहज धरून चाललेल्या दोन-तीन गोष्टी तपासून पाहाव्या लागतील.

सुरुवातीला उच्चारांबद्दल एक खुलासा. इजिप्शियन लिपीत स्वर लिहिले जात नसत. त्यामुळे देवतांची आणि माणसांची नावे वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी दिसतील, सेखमेत आणि सखमेत, इसिस आणि आयसिस. त्यावरून गोंधळून जाऊ नका.

विंचू उतरवणाऱ्याचे धान्य

या कामगारांचे गाव आज देर अल-मदिना म्हणून ओळखले जाते. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, डोंगराच्या कुशीत ते वसले होते. कामगारांना पगार धान्यात मिळे, आणि त्या धान्यवाटपाच्या याद्या उपलब्ध आहेत. त्यांत दोन नोंदी शेजारी शेजारी भेटतात. एक वैद्याची. दुसरी ज्याला इजिप्शियन भाषेत ‘खेरेप सेरकेत’ म्हणत त्याची, म्हणजे सेरकेत या विंचवाच्या देवीच्या नावाने काम करणाऱ्या अधिकाऱ्याची. मराठीत त्याला विंचू उतरवणारा म्हणता येईल. मात्र आपल्या मनात त्या शब्दाबरोबर जे गावाबाहेरचे, आडबाजूचे चित्र येते ते येथे बाजूला ठेवा. या माणसाला कामाबद्दल धान्य मिळत होते आणि त्याची नोंद कारकुनाच्या यादीत होती.

त्याच्याजवळ पुस्तकेही असत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये सर्पदंशावरची एक पोथी आहे. ती बरीच नंतरची, इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातली आहे, पण याच व्यावसायिकांसाठी लिहिलेली आहे. सेर्ज सोनरॉन या फ्रेंच अभ्यासकाने केलेले तिचे संपादन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पोथीच्या पहिल्या भागात एकेका सापाचे वर्णन येते : रंग, डोके, फणा, चावल्याची खूण, सूज कशी येते, माणूस जगेल की दगावेल. आणि त्याच ओळीत, तो साप कोणत्या देवतेचा, हेही. दुसऱ्या भागात उपचार आहेत आणि त्यांत कांदा पुन्हा पुन्हा येतो. मध्येच मंत्रही येतात. लेखकाने निरीक्षण आणि देवता यांच्यामध्ये रेघ मारलेली नाही. अशी रेघ असलीच पाहिजे असे आपल्याला वाटते, त्याला वाटत नव्हते.

हेका

ज्याला आपण जादू म्हणतो त्यासाठी इजिप्शियन शब्द आहे ‘हेका’. सृष्टीच्या निर्मितीत काम करणारी शक्ती ती हेका, त्या शक्तीचा देव तोही हेका, आणि माणसाने शब्द, कृती व वस्तू यांच्या साहाय्याने ती शक्ती वापरणे तीही हेका. ‘मेरिकारेला उपदेश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात, देवाने माणसांना दिलेल्या गोष्टी सांगताना हेकाचाही उल्लेख येतो. येणारे आघात परतवण्यासाठी दिलेले ते शस्त्र आहे, असा तेथे भाव आहे.

याचा अर्थ इतकाच की इजिप्तमध्ये धर्म एका बाजूला आणि जादू त्याच्या विरुद्ध बाजूला अशी मांडणी नव्हती. मंदिरात पूजा करणारा पुरोहितच रात्री गावातल्या रोग्यासाठी मंत्र म्हणत असे. जादूने गुन्हा करता येत असे, हे खरे. तिसऱ्या रामसेसविरुद्धच्या कटात मेणाच्या मूर्ती आणि जादूची लेखी साधने वापरल्याबद्दल माणसांना देहदंड झाला. पण तेथे शिक्षा राजद्रोहाची होती. हेका वापरणे हाच गुन्हा असता तर कागदपत्रे वेगळी दिसली असती.

एका गुंडाळीच्या दोन बाजू

आता सर्वांत प्रसिद्ध वैद्यकीय हस्तलिखिताकडे येऊ. एडविन स्मिथ या अमेरिकनाने १८६२ मध्ये लक्सरला एक गुंडाळी विकत घेतली. ती इ.स.पू. १६०० च्या सुमारास लिहिलेली आहे आणि त्याहून जुन्या ग्रंथाची नक्कल आहे. लांबी साडेचार मीटरांहून थोडी जास्त. जेम्स हेन्री ब्रेस्टेड याने १९३० मध्ये तिचे भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा खळबळ उडाली. कारण पुढच्या बाजूला जखमांची ४८ प्रकरणे होती, डोक्यापासून सुरू होऊन खाली छातीपर्यंत आणि पाठीच्या कण्यापर्यंत येणारी. प्रत्येक प्रकरणात तपासणी, निदान आणि निर्णय. निर्णय तीनच प्रकारचे : हा विकार मी बरा करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा यावर काही करता येण्यासारखे नाही. शल्यचिकित्सेचा हा इतका जुना, इतका शांत डोक्याने लिहिलेला ग्रंथ पाहून अनेकांनी त्याला विज्ञानाची पहाट ठरवले.

पण गुंडाळीला मागची बाजूही आहे. तेथे दरवर्षी येणाऱ्या साथीपासून वाचवणारे आठ मंत्र आहेत आणि काही नुसखे आहेत. त्यांतला एक म्हाताऱ्याला तरुण करण्याचा आहे. साथीवरचा एक मंत्र, विशिष्ट लाकडाची काठी हातात घेऊन घराला फेरी घालताना म्हणायचा आहे. ही मागची बाजू म्हणजे कोण्या अडाणी माणसाने नंतर खरडलेली भर, असे समजण्याचा मोह होतो. अडचण अशी की अक्षर बहुतेक सगळीकडे एकाच लेखनिकाचे आहे. जखम शिवणे, हाड बसवणे लिहून झाल्यावर त्याने गुंडाळी उलटली आणि साथीचे मंत्र लिहिले.

दोन्ही बाजू एकत्र वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. पुढच्या बाजूच्या बहुतेक जखमांचे कारण डोळ्यांना दिसते. माणूस उंचावरून पडला, शस्त्राचा घाव बसला. तेथे मंत्राची गरज पडत नाही. ४८ प्रकरणांत मंत्र फक्त एकदा येतो, नवव्या प्रकरणात, कपाळाचे हाड फुटलेल्या रोग्यासाठी. तेथे शहामृगाचे अंडे चरबीत वाटून जखमेवर लावायचे आणि मंत्र म्हणायचा. फुटलेल्या कवटीला अंड्याचे कवच, हा विचार सहज कळतो. आठव्या प्रकरणात मात्र वेगळीच पंचाईत आहे. कवटी आत पिचली आहे आणि वर जखमच नाही. तेथे लेखक थांबून स्पष्टीकरण देतो की बाहेरून काही आत शिरले आहे, कोण्या बाहेरच्या देवाचा किंवा मृत्यूचा श्वास. आणि मागच्या बाजूची वार्षिक साथ? तिला ना घाव, ना पडणे. ती वाऱ्याबरोबर येते, एका घरातले चार जण नेते, शेजारचे घर सोडते.

माझे मत असे की या गुंडाळीत विज्ञान आणि अंधश्रद्धा यांचे भांडण शोधणे निष्फळ आहे. लेखकाचा प्रश्न एकच आहे, रोग कोठून आला. कारण दिसत असेल तर हात चालवायचा. दिसत नसेल तर जे दिसत नाही त्याच्याशी बोलायचे. अर्थात हा नियम सर्व हस्तलिखितांना सारखा लागू पडत नाही. भाजण्याचे कारण तर डोळ्यांसमोर असते, तरी भाजण्यावर मंत्र आहेतच. त्याकडे आता वळू.

एबर्स पपायरस

जर्मन अभ्यासक गेओर्ग एबर्स याने १८७३ मध्ये मिळवलेली आणि १८७५ मध्ये छापलेली ही गुंडाळी लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. काळ इ.स.पू. १५५० च्या आसपासचा, लांबी सुमारे २० मीटर, नोंदी ८७७ च्या घरात. लेखनिकाने रकान्यांना क्रमांक घालताना २८ आणि २९ गाळले, म्हणून १०८ रकाने असूनही शेवटचा आकडा ११० येतो. इजिप्तमध्ये ११० वर्षे हे आदर्श आयुष्य मानत, म्हणून हे मुद्दाम केले असावे असा एक तर्क आहे.

या प्रचंड औषधसंग्रहाची सुरुवात तीन मंत्रांनी होते. एक औषध लावताना म्हणायचा, दुसरा पट्टी सोडताना, तिसरा औषध पिताना. म्हणजे पुढच्या सर्व नोंदींना हे तीन मंत्र लागू आहेत, स्वयंपाकाच्या पुस्तकात आरंभी एकदाच सांगितलेल्या कृतीसारखे. औषध पिण्याच्या मंत्रात तर स्पष्ट म्हटले आहे की औषधाबरोबर हेका प्रबळ होते आणि हेकाबरोबर औषध. त्याच ग्रंथात पुढे हृदयापासून निघून सर्व अवयवांकडे जाणाऱ्या वाहिन्यांचे वर्णन आहे. तेथे म्हटले आहे की वैद्य असो, सेखमेतचा पुरोहित असो वा ताईत बांधणारा रक्षक असो, त्याने डोक्यावर, हातावर वा पायावर बोटे ठेवली की त्याला हृदयच हाती लागते. तीन वेगवेगळ्या व्यवसायांची नावे एका वाक्यात, आणि नाडी पाहण्याचे काम तिघांचेही. सेखमेत ही साथ पाठवणारी सिंहमुखी देवी. तिच्या पुरोहिताला ती शांत करण्याचे शास्त्र यायचे, आणि नाडीही कळायची.

आता भाजण्याचा मंत्र. गोष्ट अशी की इसिसचा लहानगा होरस रानात भाजला. आई तेथे नाही, पाणी नाही. इसिसला निरोप मिळतो आणि ती आग शमवते. मंत्रानंतर कृती येते : मुलगा झालेल्या बाईचे दूध, डिंक आणि मेंढ्याचे केस एकत्र करून भाजल्या जागी लावावे. मुलगा झालेली बाई म्हणजे कोण, हे मंत्र ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नसे. वाटीतले दूध इसिसचे होते आणि खाटेवर पडलेला रोगी होरस होता. औषध आणि गोष्ट वेगळी काढायला गेलात तर घटकद्रव्यांची यादी उरते आणि तीच का, हे कळत नाही.

याच ग्रंथात डोक्याच्या अर्ध्या भागाच्या दुखण्यावर तेलात तळलेल्या माशाच्या कवटीचा लेप सांगितला आहे. इजिप्शियन भाषेत त्या दुखण्याचे नावच ‘अर्धे डोके’ असे आहे. मराठी वाचकाला अर्धशिशी शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. समासात काही ठिकाणी ‘नेफेर’, म्हणजे ‘चांगले’, असा शेरा दिसतो. अनुभवाने खरे ठरलेले, असेही शब्द येतात. हे वाचून लेखक प्रयोगशील होता असे म्हणावे, तर थांबा. मंत्रांच्या अखेरीसही नेमके हेच शेरे असतात, लाखो वेळा गुण आलेला, वगैरे. अनुभवाचा दाखला दोन्हीकडे सारखाच दिला जाई.

भारतीय विद्यार्थ्याला येथे चरकसंहिता आठवेल. चरकाने चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, मणी, होम हे पहिल्यात, आहार व औषधे दुसऱ्यात. तुलना उपयोगी आहे, ती फरकासाठी. चरकाने वर्गीकरण करून त्यांना नावे दिली. माझ्या वाचनात आलेल्या इजिप्शियन वैद्यकीय हस्तलिखितांत तसे वर्गीकरण मांडलेले नाही. तेथे ते आपल्याला वापरावरून ओळखावे लागते.

गोष्ट, धमकी आणि परकी भाषा

मंत्र कसा काम करतो? बहुतेक वेळा एका गोष्टीने. देवांच्या बाबतीत एकदा असे घडले होते, तेव्हा अमुक उपाय केला आणि तो बरा झाला. आता हा रोगी तोच देव आहे. मग मंत्र म्हणणारा रोगाशी थेट बोलतो, उतर, बाहेर ये. ऐकले नाही तर धमकी देतो, आणि धमकी विषाला देऊन थांबत नाही. डोकेदुखीवरच्या मंत्रांत तो देवांनाही धमकावतो, तुमची नगरे जाळीन, तुमच्या अंगणात गाय कापीन म्हणतो. लगेच पुढे सावध होऊन जोडतो की हे मी म्हणत नाही, देव म्हणतो आहे. मला ही जागा फार मानवी वाटते. घरात कोणी तळमळत असताना देवाला शिव्या देऊन झाल्यावर माणूस जसा चपापतो, तसे ते आहे.

कधी उपाय परदेशी असे. ब्रिटिश म्युझियममधल्या लंडन वैद्यकीय पपायरसमध्ये एक मंत्र केफ्तिऊ लोकांच्या, म्हणजे क्रीट बेटावरच्या भाषेत लिहिला आहे, इजिप्शियन चिन्हे वापरून. लेखनिकाला तो समजत होता का, हा वेगळा प्रश्न. परक्या रोगावर परकी भाषा चालेल, एवढा हिशेब पुरेसा होता.

विंचवाची रात्र

आता सुरुवातीच्या कामगाराकडे परत जाऊ. इटलीतील तुरीनच्या इजिप्शियन संग्रहालयात त्याच राजवंशाच्या काळातला एक पपायरस आहे. त्यात इसिस आणि रा यांची कथा आहे. म्हाताऱ्या झालेल्या सूर्यदेव रा याची लाळ जमिनीवर गळते. इसिस ती मातीत कालवून साप घडवते आणि त्याच्या वाटेवर ठेवते. साप चावतो. जगाचा कर्ता वेदनेने कापू लागतो, आणि कशाने चावले तेच त्याला कळत नाही, कारण तो साप त्याने निर्माण केलेला नाही. इसिस म्हणते, तुझे खरे नाव सांग, मग विष उतरवीन. तो इतर नावे सांगून पाहतो, पण विष उतरत नाही. शेवटी गुप्त नाव तिच्याकडे जाते आणि इसिस विषाला बाहेर यायची आज्ञा करते.

पुष्कळ पुस्तकांत ही कथा पुराणकथा म्हणून येथेच संपते. हस्तलिखितात ती येथे संपत नाही. पुढे सूचना आहेत. हे शब्द देवांच्या चित्रांवर म्हणावेत. चित्रे रोग्याच्या हातावर काढावीत आणि त्याने ती चाटावीत. तीच बारीक तागाच्या कापडावर काढून गळ्याशी बांधावीत. विंचवाची म्हणून ओळखली जाणारी वनस्पती बिअर किंवा वाइनमध्ये वाटून प्यायला द्यावी.

चाटणे शक्य होते ते शाईमुळे. इजिप्तची काळी शाई काजळी आणि डिंक यांची असे, पाण्यात विरघळणारी. त्यामुळे लिहिलेले अक्षरशः पोटात घेता येई. डेमोटिक लिपीतल्या सेत्नेच्या कथेतही एक राजपुत्र थॉथ देवाचे पुस्तक नव्या पपायरसवर उतरवतो, बिअरमध्ये भिजवतो, पाण्यात विरघळवतो आणि पिऊन टाकतो. मग त्याला त्यातले सगळे ज्ञान होते.

मंत्रात एक जागा रिकामी असते. रा जगो, विष मरो, असे म्हणून झाल्यावर येते : अमुक, अमकीच्या पोटी जन्मलेला, जगो. पोथीत तेथे नाव नसते, कारण पोथी कोणा एकासाठी नाही. रोगी समोर आला की त्याचे आणि त्याच्या आईचे नाव तेथे घालायचे. बापाचे नाव घालत नाहीत. होरस हा इसिसचा मुलगा म्हणून ओळखला जातो, तेव्हा रोग्याने आपल्या आईचा म्हणून येणे जुळते. राच्या कथेत नाव कळल्याशिवाय विष उतरले नव्हते. रोग्याचे नाव सांगितल्याशिवायही उतरत नव्हते.

आई आणि मूल

बर्लिनमध्ये एक छोटी पोथी आहे, पपायरस ३०२७. आडोल्फ एर्मान याने ती १९०१ मध्ये प्रसिद्ध केली. ती पूर्ण लेकुरवाळ्या बाईसाठी आहे. बाळंतपण, दूध, बाळाचा ताप. त्यातल्या एका मंत्रात अंधारातून चोरपावलांनी येणारी एक मेलेली बाई आहे. तिचे तोंड मागे वळलेले आहे. मंत्र म्हणणारी तिला विचारते, या बाळाचा मुका घ्यायला आलीस का? मी घेऊ देणार नाही. त्याला निजवायला आलीस का? निजवू देणार नाही. इजा करायला? न्यायला? प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर. मग रक्षणाची सामग्री सांगितली आहे, लसूण, माशाच्या पाठीचा कणा, आणि मध, जो जिवंत माणसांना गोड आणि मेलेल्यांना कडू लागतो.

उलट्या पावलांची हडळ तुम्हाला आठवेल. दोन्ही समाजांचा संबंध त्यावरून जोडू नका. मेलेले ते उलटे, ही कल्पना माणसाला वेगवेगळ्या ठिकाणी सुचू शकते. मला महत्त्वाचे वाटते ते प्रश्नांचे. आलेली बाई आधी मुका घ्यायला आली आहे का, असे विचारले जाते. बाळ गमावून किंवा बाळंतपणात मेलेली बाई दुसऱ्याच्या बाळाकडे ओढली जाईल, हे त्या मंत्राला ठाऊक असावे.

अशा पोथ्या कोणाकडे असत? १८९५-९६ च्या हंगामात क्विबेल याला थीब्समध्ये, रामेसियम मंदिराखालच्या एका जुन्या थडग्यात लाकडी पेटी सापडली. झाकणावर कोल्ह्याचे चित्र, आत पपायरस आणि बोरूच्या लेखण्या. भोवती हस्तिदंती कांड्या, सिंहाचा मुखवटा घातलेली, हातात साप धरलेली स्त्रीमूर्ती आणि ब्राँझचा नाग. पपायरसांत मंत्र आहेत, वैद्यक आहे, माता-बालकांसाठीचे उपाय आहेत, आणि सिनुहेची कथाही आहे. उपचार करणारा माणूस ललित वाङ्मयही वाचत होता.

घड्या

आतापर्यंत आपण मुख्यतः पोथ्या पाहिल्या, जागा रिकामी असलेल्या. भरलेली जागा कोठे दिसते? ताईतात. आणि ताईत ओळखायचा तो घडीवरून.

लायडेनच्या पपायरस आय ३४६ मध्ये वर्षाच्या शेवटच्या दिवसांचा मंत्र आहे. इजिप्तचे वर्ष ३० दिवसांच्या बारा महिन्यांचे, आणि वर पाच दिवस. ते पाच दिवस धोक्याचे, सेखमेतच्या दूतांचे, कारण नाईलच्या पुराआधीच्या उन्हाळ्याशी आणि साथींशी त्यांचे नाते मानले जाई. तेव्हा मंत्र तागाच्या तुकड्यावर म्हणायचा, त्यावर देवांची चित्रे काढायची, बारा गाठी मारायच्या आणि तो गळ्यात बांधायचा. ही अजून सूचनाच झाली.

प्रत्यक्ष वापरलेला ताईत पाहायचा तर देर अल-मदिनाच्या केनहेरखेपशेफ या लेखनिकाकडे जा. हजेरीची ती कपची लिहिली गेली त्या सुमारास तो या गावात होता आणि पुढेही अनेक वर्षे होता. त्याचे अक्षर इतके वाईट की आजचे अभ्यासक त्यावरून त्याला ओळखतात. त्याच्या संग्रहात स्वप्नांचे एक पुस्तक होते. वाईट स्वप्न पडले तर कोणता मंत्र म्हणावा आणि बिअरमध्ये भिजवलेल्या भाकरीने व वनस्पतींनी तोंड कसे चोळावे, हे त्यात सांगितले आहे. त्याच गुंडाळीच्या मागे त्याने स्वतःच्या हाताने कादेशच्या लढाईचे काव्य उतरवून घेतले. आणि ब्रिटिश म्युझियममध्ये त्याच्या नावाचा एक लहान पपायरस आहे. सेहाकेक नावाच्या पीडा देणाऱ्या भुताविरुद्ध मंत्र लिहून तो घट्ट घडी घातलेला आहे. आयुष्यभर कामगारांच्या हजेऱ्या, धान्य आणि तक्रारी लिहिणारा हा माणूस. त्याला कसला त्रास होता, ते कळत नाही. त्रास होता, इतके घडीवरून कळते.

शेवटी, इ.स.पू. १००० नंतरच्या शतकांतील काही अरुंद, लांब पट्ट्या. एडवर्ड्स याने त्या १९६० मध्ये प्रसिद्ध केल्या. पपायरसची काही बोटे रुंद पट्टी, तिच्यावर देवाने दिलेले वचन, आणि ती गुंडाळून छोट्या नळीत घालून मुलाच्या किंवा मुलीच्या गळ्यात. देव स्वतः बोलतो, मी हिला सांभाळीन. कशापासून? यादी संपत नाही. साप, विंचू, आंधळेपणा, पडणारी भिंत, कालव्यातले भूत, विहिरीतले भूत, परदेशी मांत्रिकाचा मंत्र, होडीतला प्रवास. काही आईबापांनी आणखी मागितले आहे, हिला मुले होवोत, मुली होवोत. येथे अमुक नाही. येथे त्या मुलीचे नाव आहे आणि तिच्या आईचे नाव आहे.

अशा पट्ट्या उलगडायच्या नव्हत्याच. लिहून, गुंडाळून, बंद झाल्या की त्यांचे काम सुरू होई, आणि ते वाचण्यावर अवलंबून नव्हते. आपण त्या वाचू शकतो कारण कोणीतरी नळी उघडली आणि पट्टी सपाट करून काचेखाली ठेवली. बर्लिनमध्ये एलिफंटाइन बेटावरून आलेल्या घडी घातलेल्या पपायरसांवर अलीकडे क्ष-किरणांनी काम होते आहे. कागद न उलगडता आतली अक्षरे संगणकावर उभी केली जातात, आणि घड्या जशाच्या तशा राहतात.